तेरा, चौदा आणि सोळा : एका कर्नल अपग्रेडचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका छापखान्याचं संगणकाचं काम मी बघतो. डिसेंबरात तिथे दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका एकदमच येतात, त्यामुळे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत दिवे चालू असतात. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप उभा असतो. त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात, आणि तो आहेही. ८ जीबी मेमरी, दोन डिस्क, त्यावर डेबियन १२ ही लिनक्सवर उभी ऑपरेटिंग सिस्टीम. पत्रिकांची मांडणी, ब्लॉक, हिशेबाच्या फायली सगळ्या त्याच्या पहिल्या डिस्कवर असतात आणि रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या डिस्कवर त्यांचा बॅकअप होतो. वाराच्या नावाने सात फायली आहेत, सोमवार ते रविवार. या सोमवारची फाइल गेल्या सोमवारच्या फायलीवर लिहिली जाते.

प्रकरण घडलं ९ डिसेंबर २०२३च्या शनिवारी. त्या दिवशी डेबियनची १२.३ आवृत्ती यायची होती. डेबियनमध्ये साधारण दोन महिन्यांनी अशी एक बेरीज-आवृत्ती येते. मधल्या काळातल्या सुरक्षा-दुरुस्त्या आणि बारीकसारीक चुकांच्या दुरुस्त्या त्यात एकत्र असतात, नवं काही नसतं. म्हणूनच माणूस ती निर्धास्तपणे घेतो. मीही घेतली. संध्याकाळी घरूनच छापखान्याच्या सर्व्हरवर शिरलो, ॲप्ट या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने अपग्रेड केलं. यादीत कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, होतं. आधीचं ६.१.५५, येणारं ६.१.६४. कर्नल बदललं की रीबूट लागतो, पण दुकानात काम चालू होतं. रविवारी सकाळी आठला रीबूट करू असं ठरवून मी बाहेर पडलो.

रात्री उशिरा, झोपायच्या आधी, डेबियनची सूचना वाचली. ६.१.६४-१ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवरचा (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीवरचा) डेटा बिघडवणारी चूक आहे, १२.३च्या इमेज आज निघणार नाहीत, कोणीही सध्या अपग्रेड करू नये. ज्यांनी आपोआप अपग्रेड लावून ठेवलं आहे त्यांनी विशेष जपावं, असंही त्यात होतं. पॅकेज मात्र तोवर मिररवर, म्हणजे डाउनलोडच्या साठ्यांवर, पोचलेली होती. माझ्या यंत्रावर तर ती येऊन बसली होती.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे चालू कर्नल कोणतं ते सांगणारी ‘यूनेम -आर’ ही आज्ञा टाइप करून एंटर मारला. उत्तर आलं: ६.१.०-१३. हे तेरा म्हणजे जुनं ६.१.५५. श्वास जरा खाली बसला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण कर्नल ‘बसवणं’ आणि कर्नल ‘चालणं’ या दोन गोष्टींत बरेच जण गल्लत करतात. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर अपडेट केलं की जुनं जातं, त्याच जागी नवं येतं. डेबियनमध्ये कर्नलचं तसं नाही. चालू कर्नल मेमरीत असतं आणि यंत्र बंद होईपर्यंत तेच चालतं. नवं कर्नल बूट फोल्डरमध्ये जुन्याच्या शेजारी वेगळ्या नावाने ठेवलं जातं. तेराच्या शेजारी चौदा, म्हणजे ६.१.६४. ग्रब या बूट करताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेनूत चौदा वर येतं, तेरा खाली सरकतं. पुढच्या बूटला चौदा चालू होईल. तोवर चौदा म्हणजे डिस्कवर पडलेली एक फाइल. तिच्याकडून कुणाला इजा नाही.

पण पुढचा बूट मी करीन तेव्हाच होईल, असं कुठे होतं? छापखान्यातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उतरलेल्या. लाईट गेली की सर्व्हर वीस-पंचवीस मिनिटं तग धरतो, मग बंद पडतो. आणि लाईट आली की आपोआप चालू व्हावा अशी सोय मीच बायोसमध्ये करून ठेवली होती, म्हणजे सकाळी कुणाला बटण दाबायला नको. एरवी ही सोय वरदान. त्या रात्री मात्र लाईट जाऊन आली असती तर माझ्या नकळत यंत्र चौदावर उभं राहिलं असतं.

छापखाना चालवणारे काका त्याच्या वरच राहतात. त्यांना फोन लावला.

“काका, झोपलात का?”

“नाही रे, कार्डांची मोजणी चाललीय. एवढ्या रात्री काय काढलंस?”

“सर्व्हरचं काम आहे. मी इथून करतोय, पण अर्ध्या तासात लाईट गेली तर तुम्ही खाली जाऊन सर्व्हरची पिन काढून ठेवा. परत लावू नका, मला फोन करा.”

“फायली गेल्या काय?”

“नाही, काही गेलेलं नाही. जाऊ नये म्हणूनच सांगतोय.”

काकांनी पुढे एक शब्द विचारला नाही. नंतर कळलं, मोजणी सोडून ते तो अर्धा तास खाली सर्व्हरपाशी खुर्ची टाकून बसले होते.

आता चूक नेमकी काय होती ते सांगतो. मला ती समजायला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर या धंद्यातल्या बऱ्याच गोष्टींकडे बघायची माझी नजर बदलली.

लिनक्सची ६.१ ही शाखा लिनस टॉरवाल्ड्स यांनी ११ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केली. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२ने हीच शाखा धरली. शाखा एकदा धरली की तिच्यात नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. त्या ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन यांच्या देखरेखीखाली गोळा होतात आणि तिसरा आकडा वाढत जातो: ६.१.५५, ६.१.५६, असं. नियम असा की दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यात ताज्या कर्नलमध्ये, गेलेली असली पाहिजे. तिथून ती उचलून जुन्या शाखेत आणायची. याला बॅकपोर्ट म्हणतात. पुढच्या सालातलं ठिगळ मागच्या सालातल्या सदऱ्याला लावायचं. कापड जुळलं तर उत्तम.

ईएक्सटी४चे जाणते विकासक यान कारा यांनी २०२३च्या उत्तरार्धात एक दुरुस्ती केली, आणि ती करायलाच हवी होती. कारण असं: काही प्रोग्रॅम कर्नलच्या कॅशला (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याला) वळसा घालून थेट डिस्कवर लिहितात, याला डायरेक्ट लिखाण म्हणतात. त्यातच ‘लिहिलेलं डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय मला झालं म्हणून सांगू नकोस’ असंही काही प्रोग्रॅम बजावून ठेवतात. अशा प्रोग्रॅमने फायलीच्या शेवटी मजकूर जोडला की मजकूर पक्का व्हायचा, पण फाइल आता एवढी लांब झाली ही नोंद त्यानंतर व्हायची. नेमकी त्या फटीत लाईट गेली तर मजकूर डिस्कवर असूनही फाइल जुन्या लांबीचीच दिसणार. यान कारा यांनी ही फट बुजवली. दुरुस्ती मुख्य शाखेत ६.७च्या तयारीत गेली आणि तिथून बॅकपोर्ट होऊन २८ नोव्हेंबरला आलेल्या ६.१.६४मध्ये उतरली.

आता जवळून बघू. डायरेक्ट लिखाण पुरं झालं की कर्नलमधला आयोमॅप नावाचा मधला थर फाइल सिस्टीमला विचारतो, “तुझ्याकडून सगळं झालं ना?” ६.१मध्ये या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर होतं शून्य. शून्य म्हणजे चूक नाही. शून्य मिळालं की आयोमॅप स्वतः बाइट मोजायचा आणि ‘पुढचं लिखाण कुठून सुरू करायचं’ ही खूण तेवढी पुढे सरकवायचा.

जून २०२३मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी मुख्य शाखेत एक साधी आवराआवर केली. खूण सरकवणारी ओळ त्यांनी फंक्शनमध्ये थोडी खाली नेली. आता अट अशी झाली की हातातला आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर खूण सरकव. बदल इतका किरकोळ की त्याच्या शीर्षकातच ‘थोडं नंतर’ असे शब्द आहेत. तो ६.५मध्ये गेला. तो काही चुकीची दुरुस्ती नव्हता, म्हणून जुन्या शाखेत आणायचं कुणाला कारणच नव्हतं.

यान कारा यांची दुरुस्ती या आवराआवरीनंतर लिहिलेली. तिच्यात ईएक्सटी४ ‘झालं ना?’ या प्रश्नाला शून्याऐवजी ‘इतके बाइट झाले’ असं उत्तर देऊ लागलं. ६.५ किंवा त्यापुढच्या कर्नलमध्ये हे उत्तर अगदी बरोबर: आकडा शून्यापेक्षा मोठा, खूण सरकली, काम झालं. पण ६.१मध्ये? तिथे अजून जुनी अट होती: शून्य आलं तरच खूण सरकव. ईएक्सटी४ म्हणतंय ४०९६. ४०९६ म्हणजे शून्य नाही. खूण सरकवायची ओळ वगळली गेली. आणि उत्तर म्हणून प्रोग्रॅमला गेलं तेच ४०९६, म्हणजे ‘तुझे सगळे बाइट लिहिले’.

रोजकीर्द लिहिणारा दिवाणजी डोळ्यांपुढे आणा. एक नोंद केली की बोट पुढच्या ओळीवर सरकवायचं, ही त्याची पद्धत. एक दिवस बोट सरकवायचंच राहिलं. दुसरी नोंद पहिलीवरच, तिसरी दुसरीवर. शाई सुबक, अक्षर नेटकं, मालकाने विचारलं तर “पन्नास नोंदी केल्या” हे उत्तरही खरं. वहीत मात्र एकच ओळ.

ठिगळ जुळलं, शिलाई बसली, कंपायलरने एक हरकत घेतली नाही. दोन्ही बदल आपापल्या जागी निर्दोष. दुसरा बदल पहिल्याच्या खांद्यावर उभा आहे ही गोष्ट मात्र पॅचच्या एकाही ओळीत लिहिलेली नव्हती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. पॅच स्वच्छ लागला याचा अर्थ एवढाच की आजूबाजूच्या ओळी सारख्या दिसतात. त्या ओळींमागचा करार सारखा आहे की नाही, हे पॅच लावणाऱ्या साधनाला कळत नाही. ही चूक उघडी पडली ती लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या ‘प्रीॲडव्ही०३’ नावाच्या चाचणीमुळे. ती चाचणी आधी डायरेक्ट पद्धतीने फाइल भरते आणि मग वाचून बघते की जे लिहिलं तेच मिळतंय ना. मिळत नव्हतं. यान कारा यांनी तिथून मागे जात कारण शोधून काढलं. डेबियनमध्ये ही नोंद १०५७८४३ क्रमांकाने झाली.

सुदैव एवढंच की बहुतेक प्रोग्रॅम असं लिहीत नाहीत. नेहमीच्या फायली कॅशमधून लिहिल्या जातात, तिथे आयोमॅपच्या या वाटेने जावंच लागत नाही. जे डायरेक्ट लिहितात त्यांतलेही अनेक दरवेळी जागा स्वतः सांगतात: एवढा मजकूर, अमुक ठिकाणी. त्यांना खुणेची गरजच नाही. अडकणार ते, जे डायरेक्टही लिहितात आणि ‘पुढचं कुठे ते कर्नलला ठाऊक’ म्हणून निवांतही असतात.

माझी बॅकअपची स्क्रिप्ट नेमकी तशीच होती.

छापखान्याच्या सगळ्या फायली टार या साधनाने एका गठ्ठ्यात बांधायच्या आणि डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेतून एकेक मेगाबाइटच्या तुकड्यांनी दुसऱ्या डिस्कवर डायरेक्ट लिहायच्या, असं ते होतं. डायरेक्ट लावायला कारण होतं. ८ जीबी मेमरीच्या यंत्रावर बॅकअप साध्या पद्धतीने घेतला की कॅश सगळी बॅकअपनेच भरून जायची, आणि सकाळी पहिली पत्रिका उघडायला वेळ लागतो म्हणून काका कुरकुरायचे. डायरेक्ट केल्यावर ती कुरकुर गेली.

नंतर मी लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन केलं, डेबियनच्या जुन्या पॅकेजांच्या संग्रहातून मुद्दाम चौदा नंबरचं कर्नल आणून त्यावर बसवलं आणि डीडीने एकेका मेगाबाइटचे दहा तुकडे डायरेक्ट लिहिले. डीडीने छापलं: दहा आत आले, दहा बाहेर गेले, १,०४,८५,७६० बाइट कॉपी झाले. खाली सेकंद आणि वेग. चूक म्हणून एक अक्षर नाही. मग फाइल बघितली. १०,४८,५७६ बाइट. बरोब्बर एक मेगाबाइट, आणि त्यात दहावा तुकडा. पहिले नऊ कुठेच नव्हते.

तो पडदा बघताना माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे छापखान्यात काय झालं असतं बघा. चालू कामाच्या फायली सांबा या नेटवर्कवरून फायली देणाऱ्या-घेणाऱ्या प्रोग्रॅममधून साध्या पद्धतीने लिहिल्या जातात, त्यांना धक्का नाही. काकांना काही जाणवलं नसतं. रोज रात्री दोनला बॅकअप चालला असता, लॉगमध्ये पूर्ण जीबींचा आकडा पडला असता, आणि रोज एका वाराची धड फाइल जाऊन तिच्या जागी एक मेगाबाइटचा चोथा आला असता. रविवार गेला, सोमवार गेला. सात रात्रींनी सातही गेले असते. आणि डिस्क खराब व्हायच्या दिवशी आपण बॅकअपकडे वळलो असतो.

एफएससीके या फाइल सिस्टीम तपासणाऱ्या साधनानेही हे पकडलं नसतं. एफएससीके रचना तपासतं: नोंदी जुळतात का, ब्लॉकांचे हिशेब लागतात का. इथे रचनेत खोट नाहीच. एक मेगाबाइटची फाइल आहे आणि ती एक मेगाबाइटची आहे अशी नोंदही आहे. आत काय असायला हवं होतं हे फाइल सिस्टीमला कधीच माहीत नसतं. म्हणून मला वाटतं, कर्नल अपग्रेडनंतर यंत्र पडद्यावर पॅनिक होऊन थांबलं तर ती बरी वेळ समजावी. निदान ते ओरडतं, माणूस धावत येतो, मेनूतून जुनं कर्नल निवडतो, पाच मिनिटांत गाडी रुळावर.

पुन्हा त्या रात्रीकडे. काका खाली बसलेले, मी घरून सर्व्हरवर. चौदा नंबर काढून टाकावं हा पहिला विचार. पॅकेज काढायची आज्ञा दिली आणि ॲप्टने विचारलं: यासोबत ‘लिनक्स-इमेज’चं मूळ पॅकेजही जाईल, चालेल? नशिबाने मी तो प्रश्न वाचला. हे मूळ पॅकेज म्हणजे नुसती दोरी असते. स्वतः रिकामं, पण ‘सध्याचं कर्नल अमुक’ एवढं तेच सांगतं. ते गेलं की पुढची कर्नलं यायची बंद होतात, आणि कुणी सांगतही नाही. सहा महिन्यांनी लक्षात येतं की सगळं अपडेट झालंय, कर्नल तेवढं मागच्या वर्षीचंच. मी नाही म्हटलं. चौदा राहू दे डिस्कवर, ग्रबला सांगू की बूट तेरावरच कर.

ग्रबच्या सेटिंगमध्ये मी आधी ‘१>२’ लिहिलं. म्हणजे मेनूतली क्रमांक १ची ओळ उघड, आतली क्रमांक २ची निवड. मोजणी शून्यापासून. आत शून्यावर चौदा, एकवर चौदाचं दुरुस्ती-रूप, दोनवर तेरा. बरोबर होतं. सेव्ह करणार तेवढ्यात मनात आलं, उद्या-परवा दुरुस्त कर्नल येईल. ते आलं की शून्यावर आणि एकवर ते बसणार, आणि दोनवर कोण येणार? चौदा. म्हणजे दुरुस्ती आली त्याच दिवशी माझ्या या ओळीने यंत्राला बरोबर बिघडलेल्या कर्नलवर नेऊन उभं केलं असतं. मी क्रमांक काढला आणि तेराच्या नोंदीचं पूर्ण नाव, ते लांबलचक ओळखचिन्ह, तिथे लिहिलं. मेनू कसाही हलला तरी नाव हलत नाही.

ग्रब नव्याने बांधला. मूळ पॅकेजवर होल्ड लावला, म्हणजे ते अपग्रेड व्हायचं थांबेल. आपोआप अपग्रेडचा टायमरही थांबवला, कारण तो सकाळी सहा ते सातच्या दरम्यान कधीतरी चालतो आणि डेबियनच्या मुळातल्या मांडणीत तो बेरीज-आवृत्तीची पॅकेजंही घेतो, नुसत्या सुरक्षा-दुरुस्त्या नव्हे. मग फोन.

“काका, झालं. आता लाईट गेली-आली तरी चालेल.”

“पिन काढू नको ना मग?”

“नको. झोपा आता.”

रविवारी, १० डिसेंबरला, डेबियन १२.४ आलं. १२.३ असा अंक कधी झालाच नाही, १२.२वरून थेट १२.४. त्यातलं कर्नल ६.१.६६, पॅकेजचा क्रमांक पंधरा. दुरुस्ती काय केली होती? हेलविग यांची ती ‘थोडं नंतर’वाली आवराआवर ६.१मध्ये आणली. ज्या खांद्यावर उभं राहायचं तो खांदा आणून दिला. डेबियनने सूचना दिली आणि एका दिवसात दुरुस्त आवृत्ती मिररवर आली. हे काम कुणी शनिवार-रविवारची सुट्टी सोडून केलं असणार, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. चूक लपवायची नाही, ‘थांबा, घेऊ नका’ असं मोठ्याने सांगायचं, नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवायची. मी छापखान्यात बसून दोन दिवसांत मुळापर्यंत पोचू शकलो ते त्या उघडेपणामुळेच.

तरीही मी पंधरा घेतलं नाही. होल्ड तसाच ठेवला. भीती म्हणून नव्हे. सर्व्हर तेरावर नीट चालत होता, घाईचं कारण नव्हतं, आणि दोन दिवस इतर काय म्हणतात ते बघावं असं वाटलं. तेवढ्यात दुसरी बातमी आलीच. ६.१.६६ घेतल्यावर काहींचं वाय-फाय अडकत होतं, आणि त्यापाठोपाठ नेटवर्कशी संबंधित सगळंच गोठत होतं. कारण वाचलं आणि शनिवारचीच गोष्ट पुन्हा वाचतोय असं वाटलं. वाय-फायच्या एका भागातली दुरुस्ती मुख्य शाखेतून जुन्या शाखांत आणलेली. मुख्य शाखेत तोवर कुलपांची व्यवस्था बदलली होती. जुन्या शाखेत जुनीच कुलपं. एकाच कुलपासाठी तोच कोड दुसऱ्यांदा हात पुढे करत होता आणि स्वतःचीच वाट बघत बसत होता. ११ डिसेंबरच्या ६.१.६७मध्ये ती दुरुस्ती सरळ मागे घेतली गेली. डेबियनमध्ये तेच सोळा नंबर.

छापखान्याच्या सर्व्हरला वाय-फाय नाही, वायर आहे. पंधरा चाललं असतं. पण काकांच्या मुलाचा लॅपटॉपही मीच बघतो, त्यावरही डेबियन आहे आणि तो सगळा वाय-फायवर. दोन्हीकडे एकच कर्नल असलं की माझ्या डोक्यात गोंधळ राहत नाही, म्हणून दोन्ही सोळावर न्यायचं ठरवलं.

हे ऐकून एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “म्हणूनच मी कर्नलला हातच लावत नाही. चाललंय ना, चालू दे.” त्यांचं मन मला कळतं, पण मी याच्या साफ विरुद्ध आहे. २०१६मध्ये उघड झालेलं ‘डर्टी काऊ’ हे भगदाड २००७पासून कर्नलमध्ये होतं. २०२२चं ‘डर्टी पाइप’ ५.८पासून. दोन्हींत यंत्रावरच्या साध्या वापरकर्त्याला मालक होता येत होतं. ती बुजली ती याच वाटेने, तिसरा आकडा वाढत वाढत. अपग्रेड बंद करणं म्हणजे चोर माहीत असलेलं दार उघडं ठेवणं. मी माझ्या पद्धतीत बदल केला तो वेगळ्या ठिकाणी. सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येत राहतात. बेरीज-आवृत्तीतलं कर्नल मात्र मी हाताने घेतो, आणि बसवणं व रीबूट यांत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवतो. त्या दिवसांत ग्रबला जुन्या कर्नलचं नाव दिलेलं असतं. तशात एखादं मोठं भगदाड जाहीर झालं तर अंतर रद्द, त्याच रात्री रीबूट.

बॅकअपच्या स्क्रिप्टलाही एक शेपूट जोडलं. पूर्वी ती डीडीच्या आकड्यावर विश्वास ठेवायची. आता टारमधून बाहेर पडतानाच मजकुराची चेकसम (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढली जाते, आणि दुसऱ्या डिस्कवरची फाइल पुन्हा वाचून तिच्याशी ताडून बघितली जाते. दोन्ही जुळल्या तरच त्या वाराचं नाव फायलीला मिळतं. तोवर ती तात्पुरत्या नावाने राहते आणि जुनी फाइल जागेवर असते. चौदा नंबरवर हीच नवी स्क्रिप्ट व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली तेव्हा ती पहिल्याच रात्री ‘जुळत नाही’ म्हणून थांबली. वेळ थोडा जास्त लागतो. रात्री दोनला घाई कुणाला आहे?

रविवारी, १७ डिसेंबरला, सकाळी आठला मी स्वतः छापखान्यात गेलो. काकांनी सर्व्हरवर एक कार्ड चिकटवलं होतं, लग्नपत्रिकेच्या उरलेल्या जाड कागदाचं, त्यावर मोठ्या अक्षरांत: ‘पिन काढू नये. लावू नये. विचारावे.’ होल्ड काढला, सोळा आणलं, ग्रबमधलं तेराचं नाव पुसून पुन्हा शून्य केलं, रीबूट. ‘यूनेम -आर’ने सांगितलं ६.१.०-१६. डीडीने दहा तुकडे लिहिले, फाइल १,०४,८५,७६० बाइटची निघाली. मग चौदाचं पॅकेज काढलं. या वेळी ॲप्टने सोबत दुसरं काही न्यायचं म्हटलं नाही.

शेवटी शनिवारचा बॅकअप एका रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवला आणि काकांना म्हटलं, यातली कुठलीही एक पत्रिका सांगा. त्यांनी चष्मा वर केला, यादीत बोट फिरवलं आणि एकीवर थांबले. उघडली. गणपती जागेवर, मुहूर्त जागेवर, आजी-आजोबांची नावं जागेवर. काका वाकून पडद्याजवळ आले.

“अरे, यात ‘चिरंजीव’चा ‘रं’ चुकलाय.”

“बॅकअपमध्ये?”

“नाही, आमच्याकडूनच. दुपारी छपाईला जायची आहे ही. थांब जरा.” आणि ते मुलाला हाक मारत आत गेले.